शत्रू जवळ आला की

तिचा धंदा सांगितला की लोक आधी हसत आणि मग विचारत, म्हणजे नक्की करता काय? व्हिडिओ गेम खेळताना मागे जे संगीत चालू असतं, गाणं नव्हे, नुसती वाद्यं, ते ऐकून ती लिहायची. परीक्षण नाही. सूर आणि ताल असल्या भानगडीत ती पडत नसे, आणि खरं सांगायचं तर तिला त्यातलं फारसं कळतही नव्हतं. ऐकताना मिटल्या डोळ्यांपुढे जे येईल ते कागदावर उतरवायचं, एवढंच. एका चालीत तिला नुकताच पुसलेला जिना दिसला होता आणि त्यावर कुणाची तरी अनवाणी पावलं. दुसरीत दात घासता घासता रडू आलेला माणूस. आता यात वाचायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण वाचणारे वाचत, आणि पुन्हा ती चाल ऐकली की तो मेला जिना डोळ्यांपुढून हलत नाही, अशी तक्रारही करत.

टोपणनाव घेतलं होतं 'कानसेन'. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. तिचे नियम मात्र कडक. चालीचं नाव आधी वाचायचं नाही, गेम कुठला ते विचारायचं नाही, आणि जे काही लिहायचं ते पहिल्यांदा ऐकतानाच, चाल संपायच्या आत. दुसऱ्यांदा ऐकलं की माणूस शहाणपणा करायला लागतो, असं तिचं म्हणणं. डोळे मिटूनच लिहायची, त्यामुळे ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या असत.

तर अशा या कानसेनला एक दिवस एका मोठ्या स्टुडिओतून फोन आला. पाण्याखाली गेलेल्या गावात एकटाच फिरणारा रखवालदार, असा एक गेम होता. तो इतका चालला होता की ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही त्यांच्याही फोनवर त्याची चाल वाजे. त्या संगीताची आता रेकॉर्ड निघणार होती आणि सोबत एक देखणं पुस्तक. प्रत्येक चालीवर कानसेनने लिहावं, अशी मास्टरांची इच्छा होती. मास्टर म्हणजे त्या स्टुडिओचे सर्वेसर्वा, आणि जगाच्या लेखी त्या संगीताचे कर्ते. अट एकच: चाली बाहेर द्यायच्या नाहीत, तिथे येऊनच ऐकायचं.

"येते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. कारण त्या चाली तिने भिंतीपलीकडून जन्मताना ऐकल्या होत्या. त्या तिच्या धाकट्या भावाच्या होत्या.

धाकटा मास्टरांच्या हाताखाली होता. पाण्याखालचं गाव त्याने एकट्याने वाजवलं, अंगात ताप असतानाही. गेम बाहेर आला तेव्हा पडद्यावर नाव आलं फक्त मास्टरांचं. धाकटा विचारायला गेला. आधी उद्या-परवा झालं, मग दार बंद झालं, आणि मग गावभर उलटंच पसरलं, की हा पोरगाच चाली चोरतो. झालं! त्यानंतर त्याला कुणी दारात उभं केलं नाही. तो घरी बसला. वाद्यांवर चादर टाकली. फक्त कानाला हेडफोन लावून तासन्‌तास रस्त्याने चालायचा. एका दुपारी मागून गाडी आली, ती त्याला ऐकू आली नाही. जागच्या जागी गेला. गाडीवाला म्हणाला, मी भोंगा वाजवून दमलो. अपघात म्हणा नाहीतर काहीही म्हणा. मास्टर भेटायलाही आले नाहीत, म्हणून तर त्यांना हिचं तोंड माहीत नव्हतं.

तिला एकच हवं होतं. त्या चालींवर धाकट्याचं नाव. कसं मिळवायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण दार त्यांनी स्वतःहून उघडलं होतं. आईला तिने ताकास तूर लागू दिली नाही. एका ठिकाणी काम मिळालंय, एवढंच सांगितलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गेमचं संगीत एकसलग नसतं, त्याचे थर असतात. धाकट्याने तिला ते स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून समजावलं होतं. खेळणारा नुसता हिंडत असतो तेव्हा एक थर. आणि शत्रू जवळ यायला लागला की त्यावर हळूच दुसरा चढतो. "खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही ताई, पण पाठीला कळतं," असं म्हणून त्याने तिला हेडफोन घातले होते. आधी ती नेहमीची पाण्यासारखी चाल, आणि मग खालून एक चेलो, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. एकच खर्जातला सूर, पुढे-मागे ओढलेला. चेलो कुणाचा तरी मागून आणलेला, त्याची एक तार उतरलेली, आणि वाजवणारा धाकटाच, ज्याला तो धड वाजवता येत नव्हता. मधूनमधून त्याचा श्वासही ऐकू येत होता. शत्रू जितका जवळ, तितका चेलो मोठा.

"आणि अगदी हाताच्या अंतरावर आला की?" तिने विचारलं होतं.

"मग बाकी सगळं थांबतं. तेवढा एकच वाजतो."

"आणि मग?"

"मग काय, मारा नाहीतर मरा," असं म्हणून तो हसला होता आणि तिच्या चहातलाच घोट घेतला होता.

स्टुडिओ एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. जिना लोखंडी, वर लांबलचक बोळ, बोळाच्या टोकाला ऐकायची खोली. भिंतींना करडा स्पंज, खिडकी नाही, मध्ये एक जुनी कातडी खुर्ची आणि समोर उंच स्पीकर. बाजूला काचेपलीकडे आवाजबंद कोठडी होती, जाड दाराची, जिथे बसून वाद्यं वाजवत. खोलीचा कारभार एका तंत्रज्ञाकडे होता. उन्हाळा असो की हिवाळा, त्याच्या डोक्यावरची लोकरी टोपी उतरत नसे, म्हणून सगळे त्याला टोपी म्हणत. टोपीने तिला चहा दिला आणि हेडफोन पुसून हातात ठेवले. भला माणूस होता.

मास्टर वयस्क, तुकतुकीत, आवाजाने गोड. कानसेनचं लिखाण आपण किती आवडीने वाचतो ते त्यांनी सांगितलं. तिने मान डोलावली. दातओठ खायचे ते आतल्या आत खाल्ले.

पहिल्या चालीला तिने डोळे मिटले आणि नियम मोडला. पहिल्यांदा ऐकत असल्याचं सोंग केलं. खरं तर ती वाट बघत होती. मास्टर शेजारीच उभे होते. म्हणजे शत्रू जवळ होता. चेलो यायला हवा होता. चाल संपली, चेलो आला नाही. तिने टोपीला सहज म्हणून विचारलं की या गेममध्ये एक चेलो होता ना? टोपीने मास्टरांकडे पाहिलं. मास्टर म्हणाले, होता, पण फार कच्चा वाजवलेला होता, रेकॉर्डला शोभला नसता, म्हणून तो थर आपण काढून टाकला. मूळ फाइलीसकट. गेममध्येही आता त्याच्या जागी दुसरं काहीतरी गुळगुळीत बसवलंय. श्वासबिस ऐकू येत होता हो, असं म्हणून ते हसले.

म्हणजे धाकट्याचा श्वास तेवढा उरला होता, तोही या माणसाने पुसून टाकला होता. तिने खाली मान घालून लिहिलं: 'एका खोलीत एक माणूस दाराकडे पाठ करून बसला आहे. खोलीत तो एकटा आहे, असं त्याला वाटतं.' मास्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, वा.

पहिली गडबड झाली ती दोनचार दिवसांनी. मास्टर कातडी खुर्चीत हेडफोन लावून चाली तपासून ऐकत होते. ती कप धुऊन आत आली. मास्टरांनी एकदम हेडफोन काढले आणि टोपीला झापलं, हा चेलो कुणी परत घातला? टोपी बिचारा गोंधळला. पडद्यावर थर मांडलेले होते, त्यात चेलो नव्हताच. त्याने स्वतः ऐकलं, तिनेही ऐकलं. नुसतं पाणी. मास्टर म्हणाले, असेल, थकवा असेल. ती पाकीट घ्यायला बोळात गेली आणि परत आली, तर मास्टरांचा हात पुन्हा कानाकडे गेलेला.

योगायोग, ती स्वतःला म्हणाली. ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण घरी गेल्यावर तिने आईला विचारलंच. आई रोज खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसे, आणि धाकट्याचे मोठाले हेडफोन अंबाड्यावर चढवून त्याच्या जुन्या फोनमधल्या त्याच चाली, नुसता पहिला थर, ऐके. यात एखादं जाड आवाजाचं वाद्य ऐकू येतं का गं, असं तिने विचारलं. आई म्हणाली, नाही बाई, कुठे? आणि मला तू काय ऐकायला शिकवतेस, माझं सगळं पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी तिने खात्री करून घेतली. मास्टर ऐकत असताना ती बोळाच्या टोकापासून हळूहळू चालत आली. दाराच्या काचेतून ते दिसत होते. ती अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी मान तिरकी केली. दाराशी आली तेव्हा त्यांचे खांदे वर चढले. ती मागे सरली, खांदे उतरले. पुढे आली, चढले.

म्हणजे चेलो वाजत होता. धाकटा ओढत होता, श्वास घेत होता, आणि ते ऐकायला मिळत होतं या माणसाला. तिला एकदाही नाही. तिला याचं इतकं वाईट वाटलं की बोळातच भिंतीला टेकून ती रडली. मग डोळे पुसले. कारण दुसरी गोष्टही तिच्या डोक्यात लख्ख उतरली होती. मास्टरांचा शत्रू कोण, ते त्या चेलोला बरोबर कळलं होतं.

मग तिने घाई केली नाही. एकेका चालीला आठवडा लावायला लागली. अजून नीट दिसत नाही हो, म्हणायची. खुर्ची रोज थोडी मास्टरांकडे सरकवायची. ते हेडफोन लावायचे तेव्हा उठून मागच्या कपाटातलं काहीतरी काढायला जायची आणि तिथेच रेंगाळायची. ती बोट लावत नव्हती, वावगा शब्द काढत नव्हती. नुसती असायची. आणि खरं सांगायचं तर तिला मजा यायला लागली होती.

मास्टरांनी हेडफोन बदलले, वायरी बदलल्या, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला कान तरण्याबांड माणसाचे आहेत. पुढे पुढे हेडफोन नसतानाही वाजायला लागलं. ती खाली लोखंडी जिन्याला पाय लावायची आणि वर मास्टर बोलता बोलता थांबून दाराकडे बघायचे. टोपीने तिला हे सांगितलं. हल्ली मास्टरांना कोण येणार ते आधीच कळतं, असं तो गमतीने म्हणाला, पण हसला नाही.

शेवटी एका सकाळी मास्टरांनी टोपीला बाहेर काढलं आणि दार लावलं. गाल बसले होते, दाढी वाढली होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जितकं लांब जाता येईल तितकं लांब, ते उभे राहिले.

"तू कोण आहेस?" त्यांनी विचारलं. आजवर ते तिला अहो-जाहो करत.

"मी त्याची मोठी बहीण."

कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. खाली बघत म्हणाले, "काय हवंय?"

"प्रत्येक चालीवर त्याचं नाव. तुमचं कुठेही नको."

"घालतो. आत्ता सांगतो छापखान्याला." त्यांनी खरोखरच फोन काढला आणि तिच्यासमोर सगळं बोलले. नाव सांगताना अक्षर न्‌ अक्षर नीट सांगितलं. मग म्हणाले, "आता येऊ नकोस. हात जोडतो."

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. हो म्हणायलाच तिने तोंड उघडलं. पण ते जोडलेले हात तिने पाहिले आणि तिला आठवलं, धाकटाही याच खोलीत असाच उभा राहिला असणार.

"अजून लिहून व्हायचंय माझं," ती म्हणाली.

दुपारी टोपीने तिला छापखान्यातून आलेलं नवं पान दाखवलं. धाकट्याचं नाव, ठसठशीत. मास्टरांचं नाव शोधूनही सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने घरी राहायला हरकत नव्हती. तिने आंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि गेली.

ऐकायच्या खोलीत कुणी नव्हतं. मास्टर आवाजबंद कोठडीत जाऊन बसले होते, जाड दार आतून ओढून घेऊन. तिथे बाहेरचा टाचणीएवढा आवाज जात नाही.

ती काचेशी गेली.

मास्टर मान वर करून बघायच्या आधीच कोपऱ्यात सरकले होते. पाठ कोपऱ्यात घट्ट दाबलेली, तळहात कानांवर.

ती दाराशी आली. दारावर हात ठेवला, मग गाल टेकवला. दार थंड होतं.

"मॅडम, बास करा," टोपी मागून म्हणाला.

"मी काय करतेय? नुसती उभी आहे."

हे अगदी खरं होतं.

आतून काही ऐकू आलं नाही. काचेतून मास्टरांचं तोंड उघडलेलं दिसलं, बराच वेळ.

दार बाहेरून उचकटावं लागलं. आता मास्टर स्वतःच्या बहिणीकडे असतात. कुणाला जवळ येऊ देत नाहीत. ताट जमिनीवरून सरकवावं लागतं, आणि पाठ भिंतीची सुटत नाही.

रेकॉर्ड आणि पुस्तक निघालं तेव्हा ती आपली प्रत आणायला गेली. टोपीने तिला वर बोलावलं नाही. तोच खाली आला, प्रत जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे झाला. चहाचं विचारलं नाही. कानाला जरा त्रास आहे, म्हणाला, आणि पुन्हा वर जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. तिला जरा लागलं. पण हातात पुस्तक होतं, त्यावर नाव होतं. घर येईपर्यंत ती ते विसरून गेली.

आईने नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "घातलं म्हणायचं शेवटी," म्हणाली. "भांडलीस ना तू?"

"नाही गं. नुसती जात होते रोज."

आईने डोळे पुसले, हेडफोन अंबाड्यावर चढवले आणि खिडकीशी नेहमीसारखी बसली, दाराकडे पाठ करून. फोनमधली तीच जुनी चाल लावली. लेक स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला. कितीतरी महिन्यांनी तिचं तिलाच हलकं वाटत होतं. कप घेऊन ती अनवाणीच परत आली, पावलांचा आवाज न करता, आईची तंद्री मोडू नये म्हणून.

"आलीस?" आई मागे न बघताच म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

आईने एक कान मोकळा केला. चेहरा उजळलेला होता. "हल्ली कळतं. तू दारात आलीस की ते जाड आवाजाचं वाद्य सुरू होतं. मागे विचारत होतीस ना तू, तेच असणार. इतके दिवस मला कसं ऐकू आलं नाही कुणास ठाऊक. आणि त्यात त्याचा श्वास येतो गं. अगदी त्याचाच."

ती आहे तिथेच थांबली. मग हळूच मागे सरून दाराबाहेर गेली.

"गेलीस का?" आईने हाक मारली. "थांबलं बघ ते."

तिने कप खाली ठेवला.

"ये ना इकडे," आई म्हणाली. तिने हात मागे केला होता, पसरून, लहान मुलाला बोलवावं तसा. "ये, जवळ बस माझ्या. मोठं होऊ दे जरा. नीट ऐकू दे मला त्याला."

आईने आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ती एकेक पाऊल टाकत गेली. प्रत्येक पावलाला आईचा चेहरा आणखी निवत गेला. ती खुर्चीमागे पोचली तेव्हा आईने तिचा हात चाचपून धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.

"अगंबाई," आई डोळे मिटून म्हणाली, "बाकीचं सगळं थांबलं की. आता तेवढं एकच वाजतंय."